जोयड्याची बातमी कोण लिहिणार?



डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी रामनगरात चहाला बसली की तिला एकच प्रश्न येतो: पुढं काय? बी.एड. म्हटलं की समोरच्याची मान हलते. बँकेची परीक्षा म्हटलं की जरा जास्त हलते. गेल्या महिन्यात मी म्हटलं, "जर्नलिझम करायचा विचार आहे, काका." काकांनी कप खाली ठेवला आणि अगदी मनापासून विचारलं, "पेपरात? म्हणजे सकाळी ते पेपर टाकत फिरतात, तसलं काम?"

सगळे हसले, मीही हसले. पण घरी येताना वाटलं, काकांचं काय चुकलं? पेपर टाकणारा माणूस त्यांनी रोज बघितलाय. पेपरात लिहिणारा, त्यासाठी पगार घेणारा आणि आपल्यातलाच असा माणूस त्यांनी जोयडा तालुक्यात कधी बघितलेला नाही. मी तरी कुठं बघितलाय?

मी पोलिटिकल सायन्स शिकते. लोकशाहीचा चौथा खांब यावर दहा मार्कांचं उत्तर मला झोपेतही लिहिता येईल. पण आमच्या तालुक्यापुरतं बोलायचं तर तो खांब नेमका कुठं उभा आहे, हे मला दाखवता यायचं नाही. म्हणून हा लेख. बारावीला आणि डिग्रीला असलेल्या आपल्या पोरापोरींसाठी आहे. मीडियाचं शिक्षण म्हणजे काय, त्यातून कुठली कामं मिळतात आणि आपल्यासारख्या सीमेवरच्या मुलांनी त्याचा विचार का करावा, हे मला जेवढं कळलंय तेवढं सांगते.

हा विषय माझ्या डोक्यात बसला तो 2024 च्या पावसाळ्यात. 16 जुलैला आपल्याच जिल्ह्यात, अंकोला तालुक्यात शिरूरला महामार्गावर दरड कोसळली. रस्त्याकडेला हॉटेल चालवणारं एक कुटुंब त्यात गेलं. केरळचा एक ट्रकचालक लाकडाने भरलेल्या ट्रकसकट बेपत्ता झाला. दोन-तीन दिवसांत मल्याळम चॅनेलच्या गाड्या तिथं येऊन उभ्या राहिल्या आणि काही आठवडे हलल्याच नाहीत. तिकडं केरळात घराघरात लोक गंगावळी नदीचं पाणी बघत बसले होते. केरळचे मंत्री आले, प्रकरण कर्नाटक हायकोर्टात गेलं, पुढं गोव्याहून ड्रेजर आणला गेला. शेवटी 25 सप्टेंबरला नदीच्या तळातून तो ट्रक आणि त्या माणसाचा मृतदेह बाहेर काढला. एका माणसासाठी सत्तर दिवस शोध चालू राहिला, आणि त्यात त्याच्या भाषेतल्या पत्रकारांचा वाटा मोठा होता.

त्या चॅनेलवाल्यांनी सगळं बरोबर केलं असं मी म्हणत नाही. रडणाऱ्या माणसांच्या तोंडासमोर माईक धरणं, तासातासाला 'मोठी बातमी' देणं हेही झालं आणि त्यावर केरळातच टीका झाली. पण मी घरी टीव्हीसमोर बसून एकच विचार करत होते. हीच दरड अणशी घाटात आली असती आणि खाली आमच्या गुंदचा किंवा कुंभारवाड्याचा माणूस असता, तर त्याच्या भाषेतली किती गाडी-माणसं तिथं आली असती?

उत्तर तुम्हाला माहीत आहे. त्याचं कारण मात्र आपण नेहमी एकाच शब्दात संपवतो: अन्याय. थोडं खोलात जाऊन बघू या.

बेळगाव–खानापूर–रामनगर–अनमोड रस्त्याची कित्येक वर्षं काय दशा होती, हे सीमाभागातल्या पोराला सांगायला नको. त्या रस्त्याच्या बातम्या आल्या का? भरपूर आल्या. बेळगावच्या पेपरात आल्या, गोव्याच्या पेपरात आल्या, फोटोसकट. कारण त्या पेपरचे वाचक त्या रस्त्यावरून जातात. आता त्याच महामार्गावरून आत वळून जंगलातल्या एखाद्या वाडीकडं जा. तिथं पावसाळ्यात ओढ्यावरून पलीकडं जाता येत नाही, आजारी माणसाला खाटेवर घालून आणतात. ती बातमी क्वचित येते. त्या वाडीत पेपरच जात नाही. जोयडा तालुका क्षेत्रफळानं एवढा मोठा, लोकसंख्या जेमतेम अर्ध्या लाखाच्या आसपास. दुकानं कमी, म्हणजे जाहिराती कमी. कुठल्या पेपरला इथं पगारी माणूस ठेवणं परवडेल? मराठी पेपरला परवडत नाही, तसंच कन्नड पेपरलाही परवडत नाही. आपल्या भाषेवर राग म्हणून बातमी येत नाही असं प्रत्येक वेळी नसतं. बऱ्याच वेळा बातमी आणायला जायचा पेट्रोलचा खर्च कुणी द्यायचा, एवढाच प्रश्न असतो.

मग इथून बातमी जाते ती कधी? पर्यटक पाण्यात बुडाला तर. काळा बिबट्या दिसला तर. दांडेलीच्या राफ्टिंगचा सीझन सुरू झाला तर. जानेवारीत जोयड्यात कंदांचा मेळा भरतो. आपले कुणबी शेतकरी मुडली, कणगी, सुरण असे कितीतरी कंद घेऊन येतात. तेव्हा छान फोटो छापून येतात. त्याच कुणब्यांची एसटी दर्जाची मागणी, काळी व्याघ्र प्रकल्पातल्या गावांचं पुनर्वसन, कोण राजी आहे आणि कोण नाही, पैसे मिळाले त्यांचं पुढं काय झालं, हे लिहायला चार दिवस गावात राहावं लागतं. ते कोण राहणार?

मी दोन-तीन वार्ताहरांना भेटले, आपल्या भागातल्याच. दिवसा दुकान किंवा शेती, संध्याकाळी बातमी. महिन्याला जे मिळतं त्यात गाडीचं पेट्रोल सुटत नाही. दिवाळी अंक किंवा पुढाऱ्याचा वाढदिवस आला की जाहिराती गोळा करून द्यायच्या, त्यावर कमिशन. आता ज्याच्याकडून जाहिरात घेतली त्या माणसाच्या रस्त्याच्या कंत्राटाबद्दल लिहा बघू! मलाही एका ठिकाणी, नाव नको, बातम्या पाठवशील का म्हणून विचारलं होतं. मी खुशीत हो म्हटलं. पुढचं वाक्य होतं, "वर्षाला एवढ्या रकमेच्या जाहिराती मात्र बघायच्या." माझी खुशी तिथंच उतरली. त्यामुळं 'मीडियात करिअर, झगमगाट, सेलिब्रिटी' असे जे कोर्सचे बॅनर लागतात त्यांच्यावर जाऊ नका. लहान गावातल्या पत्रकारितेत पोट भरणं अवघड आहे, हे आधी ऐकून घ्या आणि मग पुढं वाचा.

धोकाही आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात राजापूरला शशिकांत वारिशे या पत्रकाराला गाडीखाली चिरडून मारलं. रिफायनरीच्या वादावर ते लिहीत होते आणि ज्याच्याबद्दल सकाळी बातमी छापून आली होती, त्याच माणसाची ती गाडी होती. कोकणातला, आपल्यासारख्याच छोट्या गावातला पत्रकार. माझ्या बाबांनी ही बातमी लक्षात ठेवली आहे आणि दर आठ दिवसांनी ते मला आठवण करून देतात.

आता शिक्षणाचं बोलू.

जर्नलिझम किंवा मास कम्युनिकेशनला एम.ए. करायला बहुतेक ठिकाणी कुठलीही डिग्री चालते. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी., काहीही. दोन वर्षं. बातमी गोळा करणं आणि लिहिणं, संपादन, मीडियाचे कायदे, रेडिओ, कॅमेरा आणि व्हिडिओ एडिटिंग, जाहिरात, जनसंपर्क आणि संशोधन एवढं साधारण सगळीकडं असतं. आपल्याला जवळची ठिकाणं: धारवाडला कर्नाटक विद्यापीठात विभाग आहे, तिथं कन्नड आणि इंग्रजीचा वावर जास्त. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात आहे. पुण्याचा विभाग सगळ्यांना 'रानडे इन्स्टिट्यूट' म्हणून माहीत असतो, 1964 पासून चालू आहे. आणि एक ठिकाण आपल्याकडं फारसं कुणाला माहीत नाही. दिल्लीच्या आयआयएमसी या केंद्र सरकारच्या संस्थेचं अमरावतीला केंद्र आहे आणि तिथं खास मराठी पत्रकारितेचा पीजी डिप्लोमा आहे. बारावीनंतर लगेच करायचं असेल तर गोव्यात आणि बेळगाव-धारवाडकडं काही कॉलेजांत बी.ए.ला हा विषय घेता येतो.

एक गोष्ट विसरू नका. महाराष्ट्राने दावा केलेल्या 865 गावांत आपल्या सुपे तालुक्यातली, म्हणजे आजच्या जोयड्यातली, गावंही आहेत. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशांना सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळा प्रकार ठेवलेला आहे. पत्रकारितेला प्रत्येक विद्यापीठाचा नियम वेगळा असू शकतो, म्हणून फॉर्म भरायच्या आधी फोन करून सरळ विचारा: सीमाभागासाठी काय आहे, कुठला दाखला लागतो? दाखला काढायला वेळ लागतो. शेवटच्या तारखेला धावपळ करणारी आपली पोरं मी बघितली आहेत.

शिकून मिळतं काय? टीव्हीवर अँकर व्हायचं स्वप्न बाजूला ठेवलं तर कामं बरीच आहेत. पेपरच्या डेस्कवर उपसंपादक. वेबसाइटसाठी लेखन. बीबीसी मराठी 2017 मध्ये सुरू झालं. हैदराबादहून चालणाऱ्या ईटीव्ही भारतमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही विभाग आहेत. आकाशवाणीची केंद्रं हंगामी निवेदकांसाठी आवाजाची चाचणी घेतात. धारवाड केंद्र 1950 पासूनचं, पणजी केंद्रावर कोकणी आणि मराठी दोन्ही चालतं. सरकारच्या माहिती खात्यातल्या जागा, हॉस्पिटल आणि कंपन्यांची जनसंपर्क कामं, सबटायटल, डबिंग, भाषांतर, फॅक्टचेक. पी. साईनाथ यांनी 2014 मध्ये सुरू केलेल्या 'पारी' या वेबसाइटवर खेड्यापाड्यांतल्या बातम्या येतात आणि त्यांची मराठीसकट अनेक भाषांत भाषांतरं होतात. नेट-सेट करून कॉलेजात शिकवायचा रस्ता आहेच, म्हणजे आईच्या बी.एड.च्या इच्छेच्या जवळपास जाता येतं.

यातल्या निम्म्या कामांत आपल्याला एक गोष्ट उपयोगी पडते, जी आपण आजवर कमीपणाची समजत आलो. भाषा. आमच्या घरात कोकणी, शाळेत मराठी, तहसीलदार ऑफिसात कन्नड, बसस्टँडवर हिंदी, कॉलेजात इंग्रजी. आपल्याला वाटतं, एकही भाषा धड येत नाही. पुण्यातल्या मुलापुढं बोलताना माझं मराठी अडखळतं, धारवाडच्या मुलीपुढं कन्नड. पण कुमट्याचा कन्नड सरकारी आदेश वाचून, जगलबेटच्या बाईशी कोकणीत बोलून, रात्री मराठीत बातमी लिहू शकणारा माणूस पुण्यात किंवा बंगळुरात सहज मिळत नाही. आपल्यात असे हजारो आहेत.

आणि म्हणून एक गोष्ट या पेजवर लिहायला थोडं धाडस लागतंय, तरी लिहिते. कन्नड नीट शिका. बोलण्यापुरतं नको, वाचण्या-लिहिण्याइतकं. मराठीतून शिकायचा हक्क आपला आहेच, घटनेच्या कलम 350 क मध्ये प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय सरकारनं करावी असं लिहिलेलं आहे, आणि त्यासाठी भांडायचंच. पण ग्रामसभेचं इतिवृत्त कन्नडमध्ये आहे. वनखात्याची नोटीस कन्नडमध्ये आहे. माहिती अधिकारात मागितलेला कागद कन्नडमध्ये येतो. आमच्या शाळेत किती शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत याचा आकडा ज्या फाइलमध्ये आहे, ती फाइल ज्याला वाचता येत नाही तो त्या शाळेसाठी लढणार कसा? मराठीतलं पहिलं वृत्तपत्र 'दर्पण' बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 ला काढलं. त्यात पानावर एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी मजकूर असायचा. राज्य करणाऱ्याला आपलं म्हणणं कळावं आणि आपल्या माणसालाही कळावं, असा तो व्यवहार होता. दोन भाषांत लिहिल्यानं बाळशास्त्रींचं मराठीपण कमी झालं नाही. बेळगावात बाबूराव ठाकूरांनी 1919 मध्ये 'तरुण भारत' सुरू केला, त्या शहरात मराठी माणसाला शंभर वर्षं रोज वाचायला काहीतरी आहे. आमच्या जंगलात ती परंपरा पोचायला माणूस हवा.

मोठा पेपर इथं येणार नाही, हे मी मगाशीच म्हटलं. पण मोठ्या पेपरची वाट न बघता काय करता येतं याची उदाहरणं आहेत. उत्तर प्रदेशात चित्रकूटला 2002 मध्ये काही बायकांनी 'खबर लहरिया' सुरू केलं, तिथल्या बुंदेली बोलीत. त्यात दलित बायका होत्या, काही जणी तर नुकत्या लिहा-वाचायला शिकलेल्या. आधी छापील पेपर होता, पुढं मोबाइलवर व्हिडिओ बातम्या. त्यांच्यावरची डॉक्युमेंटरी ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेली. ऑस्करचं सोडा. हातपंप, रस्ता, बलात्काराची नोंद न घेणारं पोलीस ठाणं अशा बातम्यांच्या मागे त्या लागल्या, हे मला मोठं वाटतं.

आणि रेडिओ. आमच्याकडं कितीतरी गावांत मोबाइलला रेंज नाही. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन क्लाससाठी आम्ही टेकडीवर चढून बसायचो, हे तुम्हीही केलं असेल. रेडिओला डेटा लागत नाही. 2006 पासून स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओचं लायसन्स मिळू शकतं. तेलंगणात दलित शेतकरी बायकांचा 'संगम रेडिओ' 2008 पासून चालतो, साताऱ्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' आहे. अशा केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्याच पुढं द्याव्या लागतात, ही मोठी अडचण आहे. पण पावसाचा इशारा, बस कुठली रद्द झाली, काजूला आज काय भाव आहे, कुठली सरकारी योजना कुठल्या तारखेपर्यंत आहे, म्हाताऱ्यांची गाणी, हे सगळं चालतं. कोकणी, मराठी, कन्नड आणि सिद्दी लोकांची बोली एकाच केंद्रावर. जोयड्यात असं केंद्र हवं असेल तर लायसन्सचा अर्ज भरणारा, माईक हाताळणारा आणि कार्यक्रम आखणारा शिकलेला माणूस आधी लागेल.

रामनगरात आमच्या शेजारी एक मामा राहतात. काळी नदीवरच्या धरणात जुनं सुपे गाव बुडालं तेव्हा त्यांचं कुटुंब इकडं आलं. बाजार कुठं भरायचा, शाळा कुठं होती, घरातलं काय काय उचललं आणि काय राहिलं, हे ते सांगतात. मी एकदा मोबाइलवर चाळीस मिनिटं रेकॉर्ड केलं. नंतर ऐकलं तर निम्मा वेळ मीच बोलत होते आणि उरलेल्यात पंख्याचा आवाज. प्रश्न विचारून गप्प बसायचं असतं, माईक कुठं ठेवायचा असतो, हेही शिकावं लागतं. मामा ऐंशीच्या पुढं आहेत.

आणखी एक, आपल्याच घरातलं. डिसेंबर 2022 मध्ये हिरेबागेवाडीला गाड्यांवर दगडफेक झाली तेव्हा माझ्या फोनवर एका रात्रीत वीसेक व्हिडिओ आले. त्यातला एक मी तीन ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी कळलं, तो कुठल्यातरी दुसऱ्या राज्यातला, काही वर्षांपूर्वीचा होता. मी तो काढून टाकला, पण तोवर तो कुठल्या कुठं गेला होता. खरी घटना घडलेली असताना आपण खोटा व्हिडिओ फिरवला, आणि समोरच्याला म्हणता आलं, "बघा, यांचं सगळंच खोटं." आपलं गाऱ्हाणं खरं आहे. ते तारीख, कागद, नाव आणि दोन्ही बाजूंच्या म्हणण्यासकट मांडायला शिकवतात तो हा कोर्स.

बाबा अजून तयार नाहीत. "एक वर्ष थांब, गोव्यात कंपनीत लागलीस तर पैसे साठतील, मग बघू," असं त्यांचं चालू आहे, आणि घरची परिस्थिती बघता ते चूक बोलतात असंही नाही. तोवर मी धारवाड आणि कोल्हापूर दोन्हीकडचे फॉर्म भरणार आहे. लोंढ्याहून रेल्वेने जाणार. आपल्या तालुक्यातलं किंवा हल्याळ-खानापूरकडचं कुणी येणार असेल तर पेजवर मेसेज टाका, सोबत जाऊ. मुली असतील तर राहायची सोय मी बघते.